चौथऱ्यावरची तोफ

माझे यजमान तोफखान्यात होते. एकाहत्तरच्या लढाईतून ते परत आले ते दोन्ही कानांनी बहिरे होऊन. पुढे पेन्शनच्या कागदासाठी आम्ही पाटणहून साताऱ्याला गेलो, तेव्हा एका चौकात शहीद जवानांचं स्मारक म्हणून जुनी तोफ नुकतीच बसवली होती.

ते सरळ चौथऱ्यावर चढले. तोफेच्या मागच्या अंगाला जाऊन त्यांनी लोखंडावर हात फिरवला आणि नेहमीसारखं मोठ्यानं म्हणाले, "असलीच हुती आमची. मी हितं उभा असायचो."

सगळा चौक वळून बघायला लागला. मला लाज वाटायला हवी होती, नाहीतर रडू तरी यायला हवं होतं. काहीच झालं नाही.

शेजारच्या एका म्हाताऱ्यानं मला विचारलं, "बाई, लय मोठा आवाज करत असंल न्हाई ही?"

यजमानांना लिहून विचारायला माझ्या पिशवीत पाटी असायची. ती मी काढली नाही.

"व्हय," मी म्हणाले, "लय मोठा."

मग बाही धरून यजमानांना खाली उतरवलं. आम्ही स्टँडवर गेलो आणि पाटणच्या गाडीत बसून भाजक्या शेंगा खाल्ल्या.