बिब्ब्याचं बोट

मतदानाच्या दिवशी प्रत्येक वर्तमानपत्राला एक बोट लागतं. शाई लावलेलं, शक्यतो सुरकुतलेलं, आणि त्यामागे थोडा धूसर हसरा चेहरा. एटापल्ली तालुक्यातून मी बातम्या पाठवू लागलो, तेव्हा नागपूरच्या डेस्कवरून मिळालेली पहिली सूचना तीच होती. टक्केवारी उशिरा आली तरी चालेल, बोट वेळेत हवं.

ज्या बाईमुळे मी ते बोट पाठवणं थांबवलं, तिच्याविषयी हे आहे. तिचं नाव इथे देत नाही. का, ते पुढे येईल.

तेव्हाही विधानसभेचीच निवडणूक होती. तिच्या गावात मतदान केंद्र नव्हतं. नाला ओलांडून, जंगलातून दुसऱ्या गावी जावं लागे. नक्षलवाद्यांनी, म्हणजे गावकऱ्यांच्या शब्दांत दादालोकांनी, बहिष्काराची पत्रकं वाटेवरच्या झाडांना बांधली होती. मतदान करणाऱ्याचं बोट राहणार नाही, असा त्यांचा अर्थ गावोगाव सांगितला जात होता. तरीही काही माणसं गेली. परतीच्या वाटेवर मला ही बाई भेटली. डोक्यावर सरपण, डाव्या तर्जनीवर ताजी शाई. मी कॅमेरा काढला. तिनं हात पदरात घेतला.

"काऊन रे भाऊ? बोटाचा फोटो कायले?"

मी सांगितलं, पेपरमध्ये छापायला.

"पेपर आमच्या इथी येत नाई. पण दादालोकायपाशी येते," ती म्हणाली. "घरी चाल. मंग सांगतो."

तिकडच्या बाया बोलताना 'सांगतो', 'जातो' असंच म्हणतात. अंगणात तिनं मला आंबील दिली आणि चुलीतल्या निखाऱ्यावर एक बिब्बा धरला. बिब्बा इथे घरोघरी असतो. जंगलात वेचायचा, सुई टोचून तापवायचा, त्यातून निघणारं काळं तेल जखमेवर, टाचेच्या भेगेवर लावायचं. ते कातडी भाजतं आणि काळा डाग बरेच दिवस राहतो. तिनं तो तापलेला बिब्बा स्वतःच्या बोटावरच्या शाईवर दाबला. चेहऱ्यावरची एक रेषही हलली नाही. मग मोहाच्या बियांचं तेल बोटाभोवती चोळलं.

"कोणी इचारलं त सांगाचं, धान कापता कापता इळा लागला. बिब्बा लावला. बस."

"सगळेच असं करतात?"

"जे मत देते, ते करते. जे नाई देत, त्याहीले कायले भाजून घ्याचं?" आणि ती हसली. "तू फोटो छापशील, मंग माझा बिब्बा फुकट जाईन ना."

मी बातमी पाठवली, फोटो पाठवला नाही. डेस्कला दुसरीकडून बोट मिळालं. त्यानंतर बऱ्याच निवडणुका झाल्या. गेल्या विधानसभेपर्यंत या भागातल्या एकाही मतदाराचा चेहरा किंवा नाव माझ्या बातमीतून छापलं गेलं नाही. त्यामुळे कोण वाचलं, हे मला सिद्ध करता येणार नाही. माझ्या बातमीमुळे कुणाला झळ लागली नाही, एवढं सांगू शकतो, आणि त्याचं श्रेय त्या अंगणाला आहे. पत्रकारितेच्या अभ्यासक्रमात हा धडा मला कुणी दिला नव्हता.

गेल्या विधानसभेच्या वेळी तिच्या गावातल्याच शाळेत केंद्र झालं. पत्रकं आता दिसत नव्हती. पोलिसांची चौकी जवळ आली होती आणि रस्त्याचं खडीकरण झालं होतं. या भागात मतदान दुपारी तीनला संपतं, कारण कर्मचाऱ्यांना उजेडातच परतायचं असतं. मी दुपारी दोनच्या सुमारास पोचलो. गाव जवळजवळ रिकामं होतं. धानाची कापणी सुरू होती, आकाशात ढग होते आणि बाया सकाळपासून शेतात होत्या. इथे कापणी एकमेकींच्या शेतात मिळून होते. हाती घेतलेली बांधी, म्हणजे बांधांमधला धानाचा तुकडा, पुरी कापून झाल्याशिवाय कोणी मधूनच उठत नाही.

ती मात्र घरी होती. दोन दिवसांपूर्वी इळा बोटाला लागला होता. मुलाच्या लेकरांना जेवू घालून ती केंद्राकडे निघाली होती. आता केस पूर्ण पांढरे झाले होते आणि पायात चप्पल होती, पूर्वी नव्हती. मला तिनं लगेच ओळखलं.

"आला का रे? यंदा काढजो फोटो," ती म्हणाली. "यंदा लपवाचं नाई. मी साऱ्या गावाले सांगून ठेवलं, बोट वर करून घरी येतो म्हणून. पाच वर्षांनं मी राहीन, नाई राहीन."

मी प्रवेशपत्र दाखवून आत गेलो. वर्गाच्या दारापाशी उभं राहून पाहण्याची परवानगी होती, फोटोची नव्हती. केंद्राध्यक्ष नागभीडकडचे शिक्षक होते. शाईची बाटली चंद्रपूरहून आलेल्या एका तरुण कर्मचारी बाईंकडे होती. एका उमेदवाराचा प्रतिनिधी, शेजारच्या गावचा तरुण, कोपऱ्यातल्या बाकावर बसला होता. त्या वेळी बाकी कोणीच मतदार नव्हतं.

म्हातारीचं ओळखपत्र तपासून झालं. तिनं डावा हात टेबलावर ठेवला. कर्मचारी बाईंनी काडी शाईत बुडवली आणि तशीच थांबवली. तर्जनी एका बाजूनं पेरापासून नखापर्यंत काळी होती. नखाचाही अर्धा भाग काळा होता.

"सर," त्यांनी हाक मारली. "यांच्या बोटावर आधीच खूण आहे."

बोटावर खूण असेल तर मत देऊ द्यायचं नाही, हा नियम आहे आणि तो योग्य आहे. बिब्बा त्यांनी बहुधा पाहिलेला नव्हता. त्यांच्या जागी माझी तरी शंका फिटली असती का, सांगता येत नाही.

केंद्राध्यक्ष उठून आले. "बाई, आज कुठी मत देऊन आल्या का?"

"नाई जी. कुठी जाऊ? केंद्र त माझ्या घरापाशी."

"मग हे काय?"

"बिब्बा. इळा लागला."

केंद्राध्यक्षांनी मान हलवली. प्रकरण तिथेच संपलं असतं. पण कोपऱ्यातला तरुण उठला.

"साहेब, या भागात बिब्बा शाई लपवाले लावत होते. इळा लागला म्हणूनच सांगत होते. मले मालूम हाय."

तो खोटं बोलत नव्हता. ते माझ्यासमोर घडलं होतं. ती 'नाही' म्हणेल, अशी माझी अपेक्षा होती.

"हो, लावत होतो," म्हातारी म्हणाली. "लपवालेच लावत होतो. तुझी मायबी लावत होती. नाई इचारलं तिले कधी?"

तरुण खाली बसला. पण आक्षेप उभाच राहिला. तिनं स्वतःच्या तोंडानं मान्य केलं होतं की बिब्ब्याखाली शाई असू शकते. केंद्राध्यक्ष माझ्याकडे वळले.

"तुम्ही या भागात फिरता. असं होत होतं?"

मी सांगितलं, होत होतं. मी स्वतः पाहिलं आहे. आज सकाळी मी इथे नव्हतो, त्यामुळे आजचं काही सांगू शकत नाही. दोन्ही वाक्यं खरी होती आणि तिला त्यांचा काहीच उपयोग नव्हता. तिच्याकडे पाहणं मी टाळलं. तिचा आवाज मात्र ऐकू आला : "खरं सांगून राह्यला तो."

केंद्राध्यक्षांनी तिला व्हरांड्यात बसायला सांगितलं. "नाही म्हणत नाही, बाई. थांबा म्हणतो." तीन वाजायला फार अवकाश नव्हता.

ती खांबाला टेकून बसली. मी शेजारी बसलो. पहाऱ्यावरच्या पोलिसानं तिला पाणी दिलं.

"तवा शाई दिसू नये म्हणून बिब्बा लावला," ती बोटाकडे पाहत म्हणाली. "आज शाईसाठी आलो, त बिब्बाच आडवा आला. आता गावाले कोणतं बोट दाखवू?" ती हसली, पण नजर सारखी शेताच्या वाटेकडे होती.

त्या वाटेवरून बाया आल्या. बांधी संपवूनच आल्या होत्या. कमरेला इळे, लुगडी खोचलेली, पोटऱ्यांना धानाचा भुसा. इळे त्यांनी पोलिसाच्या सांगण्यावरून शाळेच्या फाटकाबाहेर ठेवले आणि म्हातारीला बसलेली पाहून पुढची बाई थांबली.

"काऊन वो, बसली काऊन? झालं का मत?"

"बोट चालत नाई म्हणते माझं."

"बोट नाई चालत? मंग माझं कसं चालन?" तिनं आपला डावा हात पुढे केला. अंगठ्याच्या बाजूला काळा डाग होता. मागच्या बाईनं तर्जनी दाखवली. तिसरीच्या दोन बोटांवर होते. हा हा म्हणता व्हरांड्यात डाव्या हातांची गर्दी झाली, आणि त्यातले बरेचसे कुठे ना कुठे काळे होते.

"साहेब, या म्हनावं, पाहा!" एकीनं आत आवाज दिला. "आमी साऱ्याच चोर हाओ. नेता का एकाच गाडीत? गाडीत बसाले भेटन तेवढंच!"

केंद्राध्यक्ष बाहेर आले. ते बराच वेळ हात पाहत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर हसू येत होतं आणि ते त्यांनी आवरलं होतं. मग ते म्हातारीसमोर उकिडवे बसले.

"बाई, धान कसा कापता, ते दाखवा. हातात इळा हाये असं समजा."

तिनं उजवा हात इळ्यासारखा वाकवला आणि डाव्या हातानं हवेतल्या धानाची मूठ धरली. तर्जनी मुठीवरून पुढे आली, इळ्याच्या वाटेत. केंद्राध्यक्षांनी ते बोट धरून उलटं केलं. आतल्या बाजूला, पेराच्या वर, काळ्या सालीखाली इळ्याची चीर होती. कडा अजून जुळल्या नव्हत्या. मग त्यांनी ते नख उजेडाकडे केलं. बिब्बा एका बाजूनं ओघळून नखावर आला होता. नखाचा उरलेला अर्धा भाग आणि त्याच्या मुळाशी असलेली कातडी स्वच्छ होती. शाईची रेघ असती तर ती तिथूनच गेली असती.

"माझ्या मायचं बोट दरवर्षी असंच रायते," ते उठताना म्हणाले. ते कुणालाही उद्देशून नव्हतं. आत जाऊन त्यांनी तरुणाला विचारलं, "आक्षेप घ्याचा आहे का? रीतसर घ्या, मी नोंदवतो."

तरुण दारापर्यंत आला. रांगेत त्याची आत्या उभी होती. तिनं आपली काळी तर्जनी त्याच्या नाकासमोर धरली.

"घे ना रे. माझ्यापासून सुरू कर."

"नाई जी," तो केंद्राध्यक्षांना म्हणाला. "कायचा आक्षेप?"

म्हातारी रांगेत सर्वांत पुढे गेली. बाकीच्यांनीच तिला ढकललं. कर्मचारी बाईंनी काडी नव्यानं बुडवली आणि या वेळी आधी विचारलं, "आजी, झोंबणार तर नाही ना?" मग नखाच्या स्वच्छ अर्ध्या भागावरून, मुळाच्या कातडीपर्यंत, त्यांनी एक बारीक, सरळ रेघ ओढली. जखमेला काडी लागू दिली नाही. शाई वाळेपर्यंत त्यांनी तिचा हात आपल्या हातात धरून ठेवला. नियमात तेवढं धरणं बसतं की नाही, मी पाहिलेलं नाही. मी त्या बाईंचा आणि त्या शिक्षकाचा आभारी आहे. दोघांनी नियम सोडला नाही आणि तिलाही सोडलं नाही. त्या दिवशी संध्याकाळी पाठवलेल्या बातमीत हे वाक्य नव्हतं, कारण बातमीत ते बसत नाही.

यंत्राचा लांब आवाज झाला. ती बाहेर आली आणि ठरवल्याप्रमाणे बोट वर करून शाळेच्या फाटकातून निघाली. रांगेतल्या बाया ओरडल्या. मी मागोमाग तिच्या अंगणात गेलो.

"काढ आता."

"छापू?"

"मंग काढतोस कायले? घरी लावाले?"

"चेहराही येईल."

"येऊ दे ना. थांब, पदर नीट करू दे."

पदर नीट झाला. मी फोटो काढला. या गावात माझ्याकडून निघालेला तो मतदाराचा पहिला फोटो. नाव छापू का, हे मी विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही. चेहरा तिनं दिला होता, तेवढाच घेतला.

एटापल्लीला येऊन फोटो पाठवल्यावर डेस्कवरून फोन आला. बोट चांगलं आहे, पण त्यातली शाई नेमकी कोणती?

"नखावरची," मी सांगितलं. "खालचा बिब्बा आहे."

पलीकडच्या माणसाला बिब्बा समजावून सांगावा लागला. त्यानं तो फोटोखालच्या ओळीत घातला.

मळणी झाल्यावर मी अंक घेऊन गेलो. तिनं तो उन्हात धरून पाहिला, सुनेला दाखवला आणि दाराजवळच्या खुंटीला अडकवला. मग नव्या तांदळाचा भात वाढला. तिच्या बोटावरची काळी साल निघून गेली होती, खाली गुलाबी कातडी आली होती. नखावरची रेघ वाढत्या नखाबरोबर टोकाकडे सरकली होती.

"आता दोन येळा नखं काढली का रेघ जाईन," ती म्हणाली. "म्हणून काढून नाई राह्यलो."