आधी पट्टी, मग बोट

जब्बारभाई गेल्याची खबर आली तेव्हा मी उदगीरला माहेरी होते, गच्चीवर पापड वाळत घालत होते. फोन त्यांच्या धाकट्या भावाचा, सलीमचा. "ताई, भाईजान गेले. छातीत दुखलं, दवाखान्यात न्यायच्या आतच..." पुढं त्याला बोलवेना. मी मटकन खाली बसले. रडू नंतर आलं, खरं सांगते. आधी आली ती भीती. आता मला गोदावरीपल्याड नेणार कोण?

नांदेडजवळच्या एका उपकेंद्रात मी सिस्टर आहे. बंधाऱ्याचं पाणी पसरलं की पल्याडच्या वस्तीला बोटीशिवाय वाट नाही, आणि मला तर पाण्याची लहानपणापासून दहशत. घागर बुडताना बघितली तरी मी मागं सरते! पहिल्या दिवशी खांद्याला लसींचा डबा लावून मी काठावर लटलट कापत उभी, ते बघून बोट चालवणारे जब्बारभाई हसले. "भिऊ नका ताई. दसऱ्याला गिअरचं तेल बदललंय, आता वर्षभर बघायचं काम न्हाई." आमच्याकडं सगळ्यांचंच तसं. दसऱ्याला ट्रॅक्टर, जीप धुवायची, तेल बदलायचं, हार घालायचा, की पुढच्या दसऱ्यापर्यंत टोपणाला हात लावायचा नाही. जब्बारभाईसुद्धा त्या दिवशी इंजिनावर आपट्याची पानं ठेवायचे.

त्याच पावसाळ्यात नदी फुगलेली असताना आम्ही मधोमध होतो आणि इंजिन एकदम बोंबलायला लागलं. आवाज दुप्पट, पण बोट पुढं सरकेना. आडवी होऊन बंधाऱ्याकडं मात्र निघाली... जब्बारभाई गिअरचा दांडा मागंपुढं ओढत होते. "पकडून न्हाई ऱ्हायला, ताई, पकडून न्हाई ऱ्हायला," एवढंच तोंडात. त्यांचा चेहरा पांढराफटक पडलेला बघितला आणि माझा उरलासुरला धीर सुटला. मी डबा छातीशी आवळून रेणुकामाईचा धावा करत होते. पाण्यात बुडालेल्या बाभळीचा शेंडा जवळ आला, त्यांनी झेप घेऊन तो दोन्ही हातांनी धरला. तळहातात काटे घुसले तरी सोडला नाही, म्हणून आज हे लिहायला मी आहे.

लोकांनी दोर टाकून आम्हाला काठाला ओढलं. तिथं त्यांनी गिअरबॉक्सची तेल बघायची पट्टी उपसली. मधासारखं असायला पाहिजे ते तेल दुधाच्या चहासारखं झालेलं. सील गेलं होतं, आत पाणी शिरलं होतं. "दसऱ्यापासून उघडून बघितलं न्हाई हो मी," म्हणाले आणि रक्ताळलेल्या हातांनी तोंड झाकून रडले.

तेव्हापासून मृगाच्या आधी एकदा आणि दसऱ्याला एकदा तेल बदलायचंच. मध्ये कधीही रंग फिरला, की सील बघायचं आणि पुन्हा बदलायचं. शिवाय रोज सकाळी पट्टी काढून पुसायची, परत बुडवायची आणि आलेल्या माणसापुढं धरायची. त्यानं "चांगलंय" म्हटल्याशिवाय कुणी बसायचं नाही. लोक चिडवायचे, "भाई, नवरी दाखवून ऱ्हायलात का?" जब्बारभाई हसायचे. एकदा मला म्हणाले, "ताई, माझ्या एकट्याच्या डोळ्यावर माझा भरवसा न्हाई. भ्यालेल्या माणसाचा डोळा बरं तेच बघतो." त्यांनाही माझ्याइतकीच भीती वाटते, हे मला तेव्हा कळलं. मग मी त्यांच्या बोटीत जरा सैल बसायला लागले.

ते गेले वैशाखात, मृगाचं तेल बदलायच्या आधी. परवा नवं पाणी आलं. पल्याड बाया लेकरं घेऊन लिंबाखाली बसलेल्या दिसत होत्या. सलीमनं इंजिन सुरू केलेलं, आवाज अगदी ठणठणीत.

"सलीम, पट्टी?"

"भाईजाननी दसऱ्याला बदललंय की, ताई. बसा, उशीर होऊन ऱ्हायला."

लेकरं ताटकळलेली, आणि मी काठावर अडून बसलेली! पण पाय उचलेचना. "मी न्हाई बसत," म्हटलं. बोटीत बसलेली एक म्हातारीही गुपचूप उतरून माझ्यामागं उभी राहिली. सलीमनं चिडून इंजिन बंद केलं, पट्टी काढली, भावाच्या लुंगीच्या फडक्यानं पुसली, बुडवली, बघितली.

"चांगलंय," म्हणाला.

मी ती हातात घेतली. दुधाचा चहा... मी ती त्याच्या डोळ्यांपुढं धरली. तो काठावरच बसून "भाईजान, भाईजान" करत हमसून रडला. मीही रडले. त्या दिवशी लस पल्याड गेली नाही.

आता सील नवं आहे, तेल नवं आहे. फडकं तेच. आज सकाळी सलीमनं न सांगता पट्टी माझ्यापुढं धरली. मी वाकून बघितली. मधासारखी दिसली. पण बघणारी मीही भ्यालेलीच. पट्टी त्याच्या हातात परत दिली आणि म्हटलं, "आणखी एकाला दाखव."