मेंढवाड्याच्या दारातली बाई

वाचनालयातल्या एका जुन्या मासिकात छायाचित्र आहे. अमेरिकेतल्या नवाहो जमातीची एक म्हातारी मेंढवाड्याच्या दारात बसली आहे. सरकारने तिला जमीन सोडायला सांगितलं आहे आणि ती उठत नाही. तिच्या लेकरांच्या नाळा त्या वाड्यात पुरल्या आहेत, असं खाली लिहिलं आहे.

आमच्याकडेही नाळ पुरतात. माझी गोठ्याच्या उंबऱ्याशी पुरली होती. तो गोठा आता धरणाच्या पाण्याखाली आहे.

गेल्या वर्षी मासिक घरी नेऊन आईला दाखवलं. पुनर्वसनात मिळालेल्या पत्र्याच्या घरात, खाटेवर पडल्या पडल्या तिने ते डोळ्यांजवळ धरलं. "नशीबवान आहे मेली," ती म्हणाली. "आम्हाला ट्रकात बसा म्हणाले, तर आम्ही भांडी घेऊन बसलो."

आई जाऊन तीन महिने झाले. आज ते पान पुन्हा उघडलं आणि मलाही त्या बाईचा हेवा वाटला, अगदी जळफळाट म्हणावा इतका. तिला अडून बसायला माती तरी होती. आईलाही हेच वाटलं असणार. तरी मासिक परत देताना ती म्हणाली होती, "तिला कळवा गं कुणीतरी. म्हणावं, काही झालं तरी उठू नकोस."