मफलरवरचा लॅपटॉप

ताईचं काम सांगायला सोपं आणि करायला जिवावरचं. कॉलेजच्या वर्गात जे काही बोललं जाईल ते, बोलणं चालू असतानाच, लॅपटॉपवर टाइप करायचं. शेजारी बसलेली मुलगी ते स्क्रीनवर वाचणार. मुलीचे कान लहानपणीच एका तापात गेले होते. बोलता तिला येत होतं, अभ्यासात तर भल्याभल्यांना घरी बसवेल अशी, पण समोरचा काय म्हणतोय हे कळायला ताईची बोटंच हवीत. ‘ताई’ हे मुलीनेच पाडलेलं नाव. आपणही तेच चालवू.

या कामाला नियम एकच होता आणि तो मुलीने पहिल्याच दिवशी घालून दिला होता: ऐकलं ते सगळं टाइप करायचं. सर शिकवतात ते तर झालंच, पण मागच्या बाकावरची कुजबुज, कुणाची शिंक, कुणी मारलेला फालतू विनोद, सगळं. “तुम्ही निवडायला लागलात ना ताई, की मग मी तुमच्या वर्गात बसेन, माझ्या नाही,” असं ती म्हणाली होती. पोरगी जिभेची तिखटच!

ताईने नियम पाळला. एकदाच मोडला, आणि ते एकदा कसं ते आत्ताच सांगून टाकू, उगाच पोटात ठेवून काय करायचं. एका दुपारी सर शिकवता शिकवता थांबले आणि म्हणाले, “अहो बाई, ती टकटक जरा कमी करता येईल का? बाकीच्यांचं लक्ष उडतं. सुतारपक्षी आणून बसवल्यासारखं वाटतं.” सगळा वर्ग खो खो हसला. मुलीने हसणारी तोंडं पाहिली आणि लगेच स्क्रीनकडे पाहिलं. ताईची बोटं तशीच थबकली. मग तिने टाइप केलं, ‘सरांनी विनोद केला.’

मुलीने विचारलं, “काय विनोद?” ताईने हातानेच ‘काही नाही गं, असाच’ म्हणून उडवून लावलं. दुसऱ्या दिवसापासून लॅपटॉपखाली नवऱ्याचा जुना लोकरी मफलर आला. घडी घालून, चांगला जाडजूड. टकटक निम्म्यावर आली. मुलीला सांगितलं, टेबल डुगडुगतं म्हणून.

आता या गोष्टीला बरेच दिवस झाले होते. मफलर लॅपटॉपच्या पिशवीतच राहायचा, वर्गात बाहेर यायचा, परत पिशवीत जायचा. ताईला तो मफलर वाटेनासाच झाला होता. चप्पल दाराबाहेर काढावी तसा हात तो आपोआप अंथरायचा.

आणि मग तोंडी परीक्षा आली. मुलीची दुसऱ्यांदा. पहिल्या वेळी ताई आजारी होती आणि बदली आलेल्या माणसाने अर्धे शब्द गाळले. मुलगी अंदाजाने उत्तरं देत सुटली आणि नापास झाली. या वेळी नापास झाली असती तर वर्ष तर बुडालंच असतं, शिवाय पूल आणि इमारती बांधणाऱ्या एका कचेरीने तिच्यासाठी राखून ठेवलेली जागाही गेली असती. कचेरीने स्पष्ट सांगितलं होतं, या खेपेला पास हो आणि ये. थांबणार ते तरी किती?

नेमकं परीक्षेच्या आदल्या दिवशी घरी सराव करताना लॅपटॉप तापला. तसा तो महिनाभर कुरकुरत होताच, पण आज बोट ठेववेना. आतला पंखा घरघरायला लागला, अक्षरं मागे पडायला लागली आणि थोड्या वेळाने स्क्रीन काळी.

“अगं, फ्रिजमध्ये ठेव!” सासूबाई आतून म्हणाल्या. त्यांच्या मते फ्रिजमध्ये ठेवल्याने न सुधारणारी वस्तू जगात नव्हती.

“आई, आत दमटपणा असतो, पाणी सुटेल त्याला!”

“मग ओल्या फडक्याने पुसून तरी घे.”

“आई!”

नवरा गॅरेजमधून आला तो हात पुसत वाकून बघायला लागला. “इंजिन तापलं की आधी हवा कुठे अडली ते बघायचं,” तो म्हणाला. लॅपटॉप उलटा करून त्याने खालच्या जाळीवर फुंकर मारली. राखाडी तंतूंचा एक पुंजका बाहेर आला. “मांजर पाळलंयस का आत?”

“तुम्हाला चेष्टा सुचतेय! उद्या तिची परीक्षा आहे हो. बंद पडला तर मी काय करू? वाटोळं होईल पोरीचं.”

“दुसरा घे ना उद्यापुरता कुणाचा तरी.”

हेच तर होत नव्हतं. ताईने या लॅपटॉपमध्ये आपल्या खुणा भरून ठेवल्या होत्या. दोन अक्षरं मारली की अख्खा शब्द उमटायचा, तीन मारली की अख्खं वाक्य. त्या खुणांच्या जोरावरच ती बोलणाऱ्याच्या वेगाने टाइप करू शकायची. दुसऱ्याच्या लॅपटॉपवर ती म्हणजे लंगडी, आणि लंगडीला मुलीने का म्हणून सोसावं?

ती तशीच उठली आणि कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याकडे गेली. त्याने मागचं झाकण उघडलं, आतून लोकरीसारखा थर काढला, हवेचा झोत मारला, पंखा साफ केला.

“कशावर ठेवता हा?” त्याने विचारलं. “गादीवर, उशीवर?”

“छे हो! टेबलावर.”

खोटं नव्हती बोलत बिचारी. तिच्या लेखी तो टेबलावरच असायचा. मफलर हा तिच्या हिशेबी लॅपटॉपचा भागच नव्हता, तो वर्गातल्या सभ्यपणाचा भाग होता, खोकताना तोंडावर हात धरतो ना, तसा. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तो हाच! दुरुस्तीवाला म्हणाला, मग ठीक आहे, खालून हवा मिळाली की त्रास द्यायचा नाही. संध्याकाळभर लॅपटॉप गार राहिला. तरी ताईला झोप नीट लागली नाही. सकाळी चहा घेताना तिने तीनदा हात लावून पाहिला. सासूबाई म्हणाल्या, “तापलेल्या पोराच्या कपाळाला लावावा तसा हात लावतेयस गं.”

परीक्षेची खोली लहान होती. दारं-खिडक्या बंद, कारण बाहेर मैदानात गोंगाट. छताचा पंखाही बंद, कारण परीक्षक बाईंचे कागद उडत होते. या बाई दुसऱ्या कॉलेजातून आलेल्या, चष्मा नाकावर ओढून बघणाऱ्या. शेजारी आपले सर. इतकी शांतता की ताईला स्वतःचा श्वास ऐकू येत होता. इतक्या शांततेत टकटक म्हणजे केवढी वाजेल, असं वाटून तिने मफलरची घडी नेहमीपेक्षा दुप्पट केली. केली हो! आता काय म्हणावं!

सुरुवात झकास झाली. बाई विचारत होत्या, ताईची बोटं धावत होती, मुलगी वाचून तिच्या त्या जरा जाड, सपाट आवाजात उत्तरं देत होती. सर मान हलवत होते. चार प्रश्न झाले, पाचवा झाला. मग ताईच्या तळव्यांना ऊब लागली.

तिने दुर्लक्ष केलं. ऊब वाढली. आत पंखा घरघरायला लागला आणि बाईंनी चष्म्यावरून एकदा पाहिलं. ताईला घाम फुटला. ‘थोडंच राहिलंय, थोडंच,’ ती मनातल्या मनात लॅपटॉपची मनधरणी करत होती. अक्षरं आता मागून येत होती, शब्द मारला की दम खाऊन उमटत होता. मुलीच्या कपाळावर आठी पडली. कळांवर बोट ठेववत नव्हतं.

बाई म्हणाल्या, “समजा तुळईला टेकूजवळ तिरका तडा गेलाय, आणि दुसऱ्या एका तुळईला...”

स्क्रीन काळी.

बाई बोलतच राहिल्या. मुलगी काळ्या काचेत स्वतःचाच चेहरा बघत बसली. परीक्षेच्या खोलीत ताई कधी एक अक्षर बोलली नव्हती, तिचं तिथे असणं म्हणजे नसल्यासारखंच असायचं. पण ती उठूनच उभी राहिली. “थांबा! थांबा मॅडम! तिला दिसत नाहीये. तापलाय हा. थोडा वेळ द्या, पाया पडते.”

लॅपटॉप उचलला तसा खालचा मफलर इस्त्रीसारखा तापलेला. ताईने त्याच्याकडे पाहिलं आणि तिला एकदम सगळं उमगलं. ते राखाडी तंतू, तो थर, ‘कशावर ठेवता’. कपाळावर हात मारून घ्यावा असं झालं तिला. तिने मफलर ओढून बाजूला टाकला, टेबलावरच्या दोन जाड पुस्तकांच्या कडांवर लॅपटॉप टेकवला आणि कोऱ्या कागदांच्या गठ्ठ्याने त्याला वारा घालायला लागली.

मुलीने मफलर उचलला. हाताला चटका बसला तशी ती ताईकडे बघायला लागली. “टेबल डुगडुगत नाहीये,” ती म्हणाली. “हा कशाला होता?”

ताईने कागदावर लिहिलं, ‘आवाज होऊ नये म्हणून. सरांनी सांगितलं होतं.’

मुलीने ती ओळ वाचली. मग तिच्या मते अगदी हळू, पण खरं तर सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं तिने विचारलं, “‘सरांनी विनोद केला’, तेव्हा?”

ताईने मान हलवली. लाजेने तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मुलीने मफलर टेबलाखाली टाकला आणि तोंड फिरवून बसली. सरांना खिडकीबाहेर काहीतरी फार महत्त्वाचं दिसायला लागलं होतं.

ताईने लॅपटॉप चालू केला. तो आपल्या सावकाशीने जागा होत होता. तेवढ्यात सर बाईंकडे झुकले आणि म्हणाले, “जाऊ द्या ना मॅडम. पुष्कळ झालं. बिचारीला त्रासच आहे आधी. पास करून टाकू.”

बाईंनी पेनाचं टोपण लावलं. “मलाही तेच वाटत होतं,” त्या म्हणाल्या. “करू पास.”

स्क्रीन उजळली.

ताईने ते ऐकलं. पास! झालं होतं की सगळं. कचेरी, नोकरी, वर्ष, सगळं वाचलं होतं. काही टाइप न करता नुसती बसली असती तरी पाच मिनिटांत दोघी घरी गेल्या असत्या, पोरगी आनंदाने. आणि टाइप केलं तर? पोरगी चिडेल, रडेल, उत्तर चुकेल, हातातलं जाईल. तिचं वाटोळं आपल्या हाताने करायचं? कुणी सांगितलंय? सरांना तरी कुठे वाईट करायचं होतं! मुलगी अजून तोंड फिरवूनच बसली होती.

ताईने बोटं कळांवर ठेवली. मग तिने टाइप केलं, एकही खूण न वापरता, अक्षर न् अक्षर: ‘सर: जाऊ द्या ना मॅडम. पुष्कळ झालं. बिचारीला त्रासच आहे आधी. पास करून टाकू. बाई: मलाही तेच वाटत होतं. करू पास.’ उघड्या टेबलावर कळा खणखणीत वाजल्या. तिने मुलीच्या हाताला स्पर्श केला आणि स्क्रीन तिच्याकडे वळवली.

मुलीने वाचलं. तिचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा पडला. डोळे भरून आले ते तिने बाहीने पुसले, आणि एकदा, फक्त एकदा, ताईकडे पाहिलं. मग तिने खुर्ची पुढे ओढली.

“मॅडम,” ती म्हणाली, “प्रश्न अर्धाच राहिलाय. दुसऱ्या तुळईला तडा कुठे गेलाय?”

सरांची मान खाली गेली. बाईंनी पेनाचं टोपण पुन्हा काढलं, घसा खाकरला आणि प्रश्न पहिल्यापासून विचारला. आता सोपा करून नाही, होता तसाच, चांगला अवघड.