सव्वा मूठ

निर्मलाताई चिडली तर मला भीती नाही वाटायची, पण ती शांतपणे "बरं" म्हणाली की मी हातातलं काम टाकायचे. अन् लगेच माझ्या तान्ह्या पिंकीला कडेवर घ्यायचे, कारण आता घरात काहीतरी होणार हे ठरलेलं असायचं.

ताई माझी नणंद. शिंदखेड्याजवळच्या आमच्या गावात बी.ए. झालेली पहिली मुलगी. पहाटेच्या एसटीनं धुळ्याला जायची, संध्याकाळी यायची, अन् आल्या आल्या चुलीपुढे पुस्तक घेऊन बसायची. एका हातानं वरण ढवळायची, दुसऱ्यानं पान उलटायची, अन् वरण लागलं की मलाच म्हणायची, "वहिनी, तुम्हाला वास नाही का आला?" मी सातवीतून शाळा सोडलेली, मला वास आला होता, पण शिकलेल्या माणसाला मध्येच कसं थांबवायचं, म्हणून लागू दिलं वरण.

निकाल लागला तेव्हा पेढे वाटले, अन् दुसऱ्या दिवसापासून गल्लीतला जो तो तिला पाकिटावरचे पत्ते लिहायला बोलवायला लागला. ताई मला म्हणाली, "वहिनी, बी.ए. होऊन काय झालं माहितीये? प्रश्न विचारायची परवानगी मिळाली. उत्तरं अजून नानाच देतात."

नाना म्हणजे माझे सासरे. प्रश्न ती खरंच विचारायची. काहीही सांगा, "कारण सांगा" म्हणायची. पिंकीला तीट लावली तर कारण सांगा, मांजर आडवी गेली म्हणून मी थांबले तर कारण सांगा. मला कारणं माहीत नसायची. भीती वाटते हेच माझं कारण, अन् ते तिला चालायचं नाही.

तिला बी.एड. करायला जळगावला जायचं होतं. नानांनी दोंडाईचाचं स्थळ आणलं, कापडाचं दुकान, मुलगा एकुलता. ताईनं जळगावचं नाव काढलं की नाना म्हणायचे, "आंडेर परका घरनी ऱ्हास. बी.ए. व्हयनी, पुष्कळ व्हयनं." मुलगी दुसऱ्या घरची, शिकली तेवढं पुरे, संपला विषय.

श्रावणात आमच्याकडे कानबाई देवी बसते. तिच्या रोटांसाठी, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्यांसाठी, घरातल्या एकेका पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू काढतात. त्या वर्षीही नाना परातीपुढे बसले, एकेक नाव घेत मूठ टाकायला लागले. स्वतःची, आमच्या ह्यांची, मग सुरतेला मिलमध्ये गेलेल्या चुलत दिरांची, त्यांच्या मुलांची, जे दोन दोन वर्षं गावात फिरकत नाहीत त्यांचीसुद्धा. नानांची मूठ म्हणजे फावडंच.

ताई दारात उभी होती. "नाना, माझी मूठ?"

"तुनी कशी ऱ्हाई? तू सासरले जाशी, तुनी मूठ तठे."

"तिथे तरी बायकांची घालतात का?"

नाना खोकले. "नही घालतस."

"बरं," ताई म्हणाली.

मी पिंकीला उचललं.

रविवारी कानबाई बसली, सोमवारी वाजतगाजत गेली. आता रोट संपवायचे. आमच्या घरचा नियम कडक, रोट बाहेरच्याला द्यायचा नाही, गुराला घालायचा नाही, चुरासुद्धा टाकायचा नाही, अन् पुनवेच्या आत सगळं संपवायचं. दरवर्षी व्हायचं काय, पुरुष पहिल्या दिवशी गरम गरम खायचे अन् "पोट भरलं" म्हणून उठायचे. मग पुढचे दिवस वाळलेले रोट आम्ही बायका चावत बसायचो.

त्या मंगळवारी ताईनं रोटांची टोपली नानांपुढे ठेवली अन् स्वतः भाकरी घेतली.

"तू रोट नही खास?"

"माझी मूठ कुठे होती? मोजलेलं नाही त्यानं खाल्लं तर देवीचा हिशेब चुकेल. मुठी सुरतेच्या अन् तोंडं आमची, असं कसं?"

मला वाटलं आता सासूबाई, आमच्या जिजी, तिला चांगलं फैलावर घेणार. तर जिजीनं हळूच भाकरी ओढली. "मना दात दुखतस," म्हणाली. इतकी वर्षं तिनं ते रोट चावले होते, तिचा चेहरा असा खुलला की मी बघतच राहिले. मी मात्र हात ना धड रोटाकडे ना भाकरीकडे, मध्येच धरून बसलेले. पिंकी अंगावर पिणारी, मला भूकही भयंकर लागायची, अन् देवी कोपली तर ती ताईसारख्या शिकलेल्या माणसावर कोपणार नाही, माझ्या पोरीवरच कोपेल असं वाटायचं. मी पिंकीच्या दोन्ही गालांना तीट लावली.

आमचे हे दोन दिवस टिकले, मग शेतात काम आहे म्हणून अंधारातच पळायला लागले. राहिले नाना. दुधात रोट, चहात रोट, ठेच्याशी रोट. तो इतका कडक झाला होता की नाना चावताना ओट्यावरचा कुत्रा कान टवकारायचा. पुनव उद्यावर आली अन् टोपलीत रोट होतेच.

तेवढ्यात पिंकी रांगत गेली, नानांच्या ताटातला तुकडा उचलला अन् नव्या दातानं चघळायला लागली.

मी किंचाळलेच. जिजीनं कपाळाला हात लावला. "अहो, पोरनी मूठ कुठे व्हती?"

नानांचा हात तसाच थांबला. ते कानबाई बसवली होती त्या कोपऱ्याकडे बघायला लागले, मग पिंकीकडे. पिंकी हसली, तोंडभर लाळ.

"व्हती," नाना म्हणाले. "मी घालेल व्हती. हळूच."

"कारण सांगा," ताई म्हणाली.

"कारण काय? मनी नात शे ती."

"मग मी?" एवढंच. नेहमीचा आवाज नव्हता तो, लहान मुलीसारखा आला. मला वाटतं तिनंही तो पहिल्यांदाच ऐकला.

नानांनी खूप वेळ घास चावला. "तुनीबी घालेल व्हती."

"अन् मनी?" जिजीनं संधी सोडली नाही.

"बठ्ठासनी घालेल व्हती!" नाना ओरडले, सगळ्यांचीच. "आते खा!"

ताईनं टोपली ओढली, मोठा रोट मोडून नानांच्या हातात अर्धा दिला, अन् ते तोंडात घास कोंबत असतानाच म्हणाली, "मग घरातलं माणूस जळगावला शिकायला चाललंय म्हणून दोंडाईचाला कळवून टाका." नानांच्या तोंडात रोट. नाही म्हणायचं तर आधी गिळायला हवा. गिळेपर्यंत ताई "बरं" म्हणून उठलीसुद्धा. मी त्या दिवशी तीन रोट खाल्ले.

ती गेली तेव्हा एसटीच्या खिडकीतून मला म्हणाली, "वहिनी, भीती वाटली तर वाटू द्या. पण कारण विचारत जा." मी विचारते आता. हळू आवाजात, पण विचारते.

यंदा कानबाईला तिला सुट्टी मिळाली नाही. नानांनी मात्र सगळ्यांची नावं मोठ्यानं घेऊन मुठी घातल्या, जिजीची, माझी, पिंकीची, अन् ताईची तर जरा जास्तच भरून. रोटांचा ढीग केवढा झाला! ताईच्या वाटचे जळगावला पाठवावेत म्हटलं तर रोट घराबाहेर जात नाही. मी मदतीला हात पुढे केला तर नानांनी टोपली मागे ओढली. "तिना शेतस. मीच खासू."

भिंतीला टेकून बसले, उरलेल्या दातांनी सावकाश चावत. पिंकी समोर तोंड उघडून उभी. तिला एक तुकडा दिला अन् म्हणाले,

"देख, तुनी आत्या शिकाले गयी, अन् चावाले मी बठनू."