कुत्र्याचा पासपोर्ट फोटो

आमच्या घराण्यात पहिल्यांदाच घडलेल्या गोष्टी दोन: माझं कॉलेज आणि कुत्र्याचं चित्र. दुसरीवर जास्त चर्चा झाली.

कुत्रा चौदा वर्षांचा. डॉक्टर म्हणाले, आता थोडेच दिवस. त्याच संध्याकाळी बाबा म्हणाले, "तो आहे तोवर एक चांगलं चित्र काढून घे. कॉलेजात शिकतेस, तुला ऑनलाइन समजतं."

मला समजत नव्हतं, पण मी एक चित्रकार बाई शोधली. त्यांनी कळवलं, फोटो स्पष्ट हवा, डोळे दिसावेत. माझ्या फोनमध्ये कुत्रा कमी आणि शेपटी जास्त. म्हणून काम बाबांनी स्वतःकडे घेतलं.

आमच्याकडे फोटो काढतात तो फॉर्मला चिकटवण्यासाठी. त्या रविवारी बरखेड्याच्या आमच्या कंपनी क्वार्टरमध्ये भिंतीवर पांढरी चादर लागली. समोर स्टूल, स्टुलावर तेल-पाणी लावून भांग पाडलेला कुत्रा.

"मान सरळ," बाबा त्याला समजावत होते. "दोन्ही कान दिसले पाहिजेत, नाहीतर फॉर्म परत येतो."

"कुठं नोकरीला लावताय त्याला?" आईनं विचारलं.

"तू चादर धर."

फोटो इतका नियमात बसणारा आला की स्कॉलरशिप त्यालाच मिळाली असती. मी तो मनापासून पाठवला. बाईंचं उत्तर आलं: "बिचारा घाबरलेला दिसतोय. घरात असतो तसा एखादा नाही का?"

बाबांना हे कसं सांगावं, यात माझे दोन दिवस गेले. शेवटी मेसेजच वाचून दाखवला. त्यांनी आपला फोन पुढे केला. त्यात कुत्र्याचे कितीतरी फोटो होते, आम्हाला कुणाला माहीत नसलेले. एकात तो बाबांच्या पायावर हनुवटी टेकून वर बघत होता.

"हाच," मी म्हटलं.

"त्यात माझी लुंगी दिसते."

"तुम्हाला कोण बघतंय," आई म्हणाली.

बाईंनी विचारलं, माणसाचा पाय काढून टाकू का? मी बाबांना न विचारताच लिहिलं, राहू द्या. मग दोनदा लिहून पुसलं, आणि तिसऱ्यांदा पाठवलंच: जमलं तर जरा लवकर करा.