दिवा वाढवला

कुंडलच्या आमच्या घराचा विमा उतरवला तो माझ्या धाकट्या भावानं. तो लष्करात होता. सुट्टीवर येताना सांगलीच्या एका गोडबोल्या एजंटानं त्याला एसटीतच गाठलं आणि आगीचा विमा गळ्यात मारला. कागद आईच्या नावानं झाले. गावात चेष्टा सुरू झाली. माणसाचा विमा लोकांनी ऐकला होता, भिंतींचा कुणी ऐकला नव्हता. शेजारच्या काकांनी तर आईला विचारलं, "आवं वैनी, मग घर म्हातारं झाल्यावर पैसं मिळत्यात व्हय?" आईची समजूत त्याहून निराळी. विमा उतरवलेल्या घराला आग लागतच नाही, असं तिनं धरूनच टाकलं होतं.

पासष्ट सालच्या उन्हाळ्यात ती लागली. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती, मी सांगलीला शाळेत शिकवत होते, घरात आई एकटी. तिन्हीसांजेचा दिवा लावून झाल्यावर ती देवळात पोथी ऐकायला गेली आणि पोथी संपायच्या आत लोक ओरडत आले. माजघर आणि मागची खोली छपरासकट गेली, पुढची तेवढी राहिली. परसात कडब्याची गंजी होती, तिच्यात कुणाची विडी पडली म्हणावं, तर कुणी चुलीतल्या विस्तवावर बोट ठेवलं. खरं काय ते मला आजही माहीत नाही.

विमा कंपनीचे साहेब पाहणीला आले तेव्हा मी तिथं नव्हते. ते मद्रासकडचे, मराठी मुंबईत शिकलेले. त्यांनी शेजाऱ्यांच्या ओट्यावर बसून आईला काय काय विचारलं, लिहून घेतलं, आणि चहा पिऊन गेले. लय भला मानूस, असं आईचं मत पडलं.

पावसाळ्यात त्या भल्या माणसाच्या कचेरीचा नकार आला, इंग्रजीतून. मी तो तीनदा वाचला. घरात कुणी राहणार नव्हतं, तरी बाहेर पडताना दिव्याची ज्योत मुद्दाम मोठी करून ठेवली, हे मालकिणीनं स्वतःच कबूल केलं आहे, म्हणून भरपाई नाही. म्हणजे सरळ सांगायचं तर माझ्या आईनं स्वतःचं घर पेटवलं होतं. माझं डोकंच फिरलं. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर तडक कुंडल गाठलं.

"आई, जाताना तू दिवा मोठा केला होतास?"

"मोठा? कशापायी? राकेल काय फुकट मिळतंय?"

"मग साहेबांना काय सांगितलंस?"

"केलं तेच सांगितलं. दिवा वाढवला, कडी लावली, गेले."

"मग त्यांनी असं का लिहिलं?"

"आता ते मला काय ठावं? शिकल्याली तू."

हसू नका, शिकलेलीला काहीच कळलं नाही. जन्मापासून ऐकलेला शब्द, तो कानावरून नुसता निघून गेला. दुसऱ्याच कुणाचा कागद आमच्याकडे आला असेल असं वाटलं, पण वर नाव आईचं होतं. मग वाटलं, आईच काहीतरी विसरते आहे. तिच्या तोंडाकडे बघितलं की तेही खरं वाटेना.

आईला घेऊन सांगलीच्या कचेरीत जायला भाद्रपद उजाडला. तोवर सीमेवर लढाई सुरू झाली होती. भावाची पलटण तिकडं गेली एवढंच कळलं होतं, त्याचं पत्र नव्हतं. पोस्टमन लांबून दिसला तरी आई हातातलं काम टाकून दारात यायची. तो पुढं निघून गेला की पदर सावरत आत जायची.

साहेबांनी आम्हाला अदबीनं बसवलं आणि कागद काढला.

"तुमच्या आई बोलल्या, दिवा वाढवला."

"हो, वाढवलाच होता!" मी टेबलावर हात आपटला.

"म्हणजे तुम्हालाही मान्य आहे."

"मान्य काय! दिवा वाढवल्याशिवाय माझी आई कधी घराबाहेर पडतच नाही!"

साहेबांनी माझ्याकडे असं काही पाहिलं की जणू घरं जाळणं हा आमचा पिढीजात धंदाच असावा. आई मान हलवून मला दुजोरा देत होती. आम्ही तिघं एकच गोष्ट बोलत होतो आणि भांडत होतो. शेवटी साहेबांनी चिमटीनं कंदिलाची वात वर चढवल्यासारखी बोटं फिरवली. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला.

"अहो साहेब, तुम्ही नारळ वाढवता तेव्हा तो काय मोठा करता?"

आमच्याकडे बांगडी फुटत नाही, वाढते. नारळ फोडत नाहीत, वाढवतात. आणि दिवा विझवला असं घरातली बाई तोंडानं म्हणत नाही. हे सगळं मी एका दमात सांगितलं. साहेब हसले, कपाळाला हात लावला. माणूस खरंच भला होता. म्हणाले, "नवा जबाब घेऊ, मुंबईला पाठवू. या वेळी मात्र साधा शब्द पाहिजे. आई, नुसतं म्हणा, दिवा विझवला."

आईनं पदर तोंडाशी धरला.

"म्हण की गं," मी म्हटलं.

"शांत केला म्हनून लिवा."

"शांत?" साहेब गोंधळले. मी घाईनं म्हटलं, मालवला लिहा. मग म्हटलं, बंद केला लिहा. साहेबांनी लेखणी खाली ठेवली.

"बाई, आता चार शब्द झाले. एकदा बदललेला जबाब, त्यावर मुंबईवाले आधीच शंका घेणार. आईंच्या तोंडून स्पष्ट आलं पाहिजे. विझवला की नाही?"

आईनं दोन्ही हात टेबलाच्या कडेवर ठेवले.

"साहेब, माज्या घरात दिवा एकच हाय. त्यो तिकडं लढाईवर हाय. आन् मी हितं खुर्चीवर बसून त्ये कसं म्हनू?"

साहेबांना हे कितपत कळलं कोण जाणे. त्यांनी कागद महिनाभर थांबवून ठेवला. मी आईला समजावलं, रागावले, एकदा तर रडले. सगळं छप्पर एका शब्दावर अडलं होतं, आणि तो शब्द शाळेतली पोरंसुद्धा सहज बोलतात. मी लिहून आणते, तू नुसता अंगठा कर म्हटलं, तर तिनं अंगठा मुठीत मिटून घेतला. शहाणं कोण आणि खुळं कोण तेच मला कळेनासं झालं. महिना गेला, दावा बंद झाला. माजघरावर आम्ही उसाचं पाचट घातलं.

थंडीत भाऊ सुट्टीवर आला. वाळला होता, पण धडधाकट होता. पिशवी खांद्यावरच ठेवून तो माजघरात गेला, काळ्या भिंती बघितल्या, पाचटातून पडलेली उन्हाची भोकं बघितली.

"आई, विमा होता की गं घराचा. त्याचं काय झालं?"

मी तोंड उघडलं होतं. सगळं सांगणारच होते, माझा राग अजून गेला नव्हता. पण आई पुढं झाली. तिनं त्याचे दंड चाचपले, गालांवरून हात फिरवला.

"मिळाला की," ती म्हणाली.